गराशाची जीप

आमचा रणजीत म्हणतो, "याडी, झालं ते झालं. आता कागदावर कशाला आणून राहिलीस?" याडी म्हणजे आई, आमच्या बोलीत. मी त्याला सांगितलं, कागदावर तूच आणलंस बाबा, मी फक्त कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून राहिले.

गोष्ट जीपची आहे. साखऱ्याच्या रस्त्याला आमचा तांडा आहे, तिथल्या घरामागे बाभळीखाली ती उभी होती. उभी म्हणायचं ते सवयीने. चारही चाकं मातीत बसलेली, मालकांच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि मागच्या बाकड्यावर तुराट्या रचलेल्या. मालक म्हणजे माझे यजमान, ते गेले. त्यानंतर आम्ही हिंगोलीत राहायला आलो. रणजीत शाळेवर मास्तर, घराला टाइल्स, गेटवर नावाची पाटी. तेव्हापासून जीपला कोणी आपलं म्हटलं असेल तर त्या कोंबडीने.

मग निलमचं ठरलं. निलम म्हणजे रणजीतची एकुलती. औषधांचं शिकलेली, नाकीडोळी माझ्यावर गेलेली, जिभेनेही, असं तिची आई म्हणते. मुलगा अंकुश, नांदेडला नोकरीला. बोलणी झाली तेव्हा तो अगदी सुधारलेल्या माणसासारखा बोलला. "आम्हाला काही नको," म्हणाला. "गाडी तेवढी दणकट पाहिजे. डोंगरदऱ्यांत जाणारी." त्याची नोकरी नांदेडला, घर नांदेडला, दोन्हींच्या मधे डांबरी रस्ता. दरी कोणती, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण सुनेने चहाचा ट्रे माझ्या समोर असा धरला की तोंड उघडलं तर कप सांडावा.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "निलम आपल्या जीपवरून सासरी जाईल."

रणजीत म्हणाला, "जीपमधून?"

"जीपवरून."

त्याच्या गप्प बसण्याला मी होकार समजले, ही पहिली चूक. मास्तर माणूस गप्प बसला की तो मनातल्या मनात अर्ज लिहीत असतो.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या तांड्यात पोरगी सासरी निघाली की तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात. ती दोन्ही हात वर करते आणि ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे गाऊन रडणं. त्यात तांड्याला आशीर्वाद असतो आणि तक्रारही असते. बापाने कुठे चुकवलं, भाऊ कसा वागला, चुलतीने कोणतं लुगडं दडवलं, सगळं त्यात येतं. नियम असा, की पोरगी वर आहे तोवर कोणी उलटून बोलायचं नाही. मग बाप असो की तांड्याचा नाईक. बाईमाणसाला जन्मात एकदाच असं उंचावर उभं राहून बोलायला मिळतं, तेही निघताना.

माझं लग्न झालं त्र्याहत्तर साली. दुष्काळ नुकताच तुडवून गेलेला. माझ्या बापाचा तांडा कळमनुरीकडे, तिथे उभं राहण्याजोगा एक बैल उरला नव्हता. जे दोन होते त्यांच्यावर मी चढले असते तर लग्नाच्या मांडवातच त्यांची माती करावी लागली असती. बाया कुजबुजायला लागल्या, पोरगी जमिनीवरून जाते की काय. तेव्हा माझे सासरे, शंकरसिंग नाईक, वऱ्हाड घेऊन जीपने आले होते. ते म्हणाले, "पोरीला बॉनेटवर चढवा." चढवलं. उन्हाळा, दुपार, इंजिन नुकतंच बंद केलेलं आणि माझ्या पायात काही नाही. मी जो ढावलो म्हटला तो अजून कळमनुरीकडच्या म्हाताऱ्या आठवतात. म्हणतात, नानीसारखं काळजातून कोणी रडलं नाही. काळीज तर होतंच, पण तळपायही भाजत होते.

त्यानंतर तांड्याच्या एकतीस पोरी त्या बॉनेटवरून सासरी गेल्या. माझ्या दोन नणंदा, माझी लेक, सगळ्या. काही अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या, नावं घेत नाही. पत्र्याला एक खळी पडली नाही.

हिंगोलीत आमच्या शेजारी दत्तोपंत राहतात. कचेरीतून मोठे कारकून म्हणून निवृत्त झालेले, दत्ताच्या देवळाची वहिवाट त्यांच्या घराण्याकडे. निवृत्तीनंतर देवाला जेवढा वेळ देतात त्याच्या दुप्पट आम्हाला. जीपचं कानावर गेलं तसे गेटवर येऊन उभे राहिले.

"नानीबाई, जीप ही गाडी नव्हे, इतिहास आहे."

"मंग ओढायला ट्रॅक्टर लागंल," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलं नाही. ते ऐकायला येतच नाहीत. "एकेचाळीस साल. महायुद्ध. अमेरिकेच्या लष्कराला खेचराच्या जागी काहीतरी हवं होतं. चिखलात जाणारं, दगडावर चढणारं, कुठेही मोडलं तरी पान्याने उघडून दुरुस्त होणारं. विलीज कंपनीने ती बनवली. मागणी एवढी, की फोर्डलाही तीच बनवायला लावली. पुढच्या जाळीत आधी नऊ फटी होत्या, लढाई संपल्यावर लोकांसाठी गाडी काढली तेव्हा सात झाल्या. जीप हे नाव कसं पडलं यावर तर विद्वानांत अजून भांडण आहे."

"त्यांना दुसरं काम न्हाई व्हय?"

"आणि ते बॉनेट, नानीबाई. सपाट. का? शिपाई त्यावर नकाशे पसरायचे, जेवायचे, पत्ते खेळायचे. रविवारी पाद्री त्याच्यावर मेणबत्त्या लावून प्रार्थना घ्यायचा. जगात एवढी वाहनं झाली, पण वेदी म्हणून वापरलेलं वाहन हे एकच. लढाई संपली, मग आपल्याकडे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला लागले. जिथे रस्ता नाही तिथे सरकार जीपमधून पोचलं."

हे शेवटचं खरं होतं. आमच्या तांड्यावर सरकार पहिल्यांदा आलं ते जीपमधूनच, देवीची लस टोचायला, आणि बायका लेकरं घेऊन ज्वारीत लपल्या होत्या. पण मला त्यांचं खेचराचं बोलणं जास्त आवडलं. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून देशभर हिंडलेले. रस्ते झाले, गाड्या आल्या आणि आमचे बैल बसले. आमच्या पोटावर आलेल्या त्या सगळ्या गाड्यांत एकच अशी निघाली, जी बैलासारखी वागायची. चिखलात रुतली तर कण्हायची, पण निघायची. आमच्याकडच्या धरणाचं काम संपलं तेव्हा तिथली सरकारी जीप लिलावात निघाली आणि सासऱ्यांनी ती घेतली, ती उगाच नाही.

दत्तोपंतांच्या कालिंदीवहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "नानीबाई, आजकाल नवरीच्या एन्ट्रीला तशी जीप भाड्याने मिळते हो. फुलं लावलेली, धूर सोडणारी, नवरी वर नाचत येते."

मी म्हटलं, "वहिनी, आमच्यात वर चढून रडायचं असतं. आणि येताना नव्हं, जाताना."

त्या आत गेल्या. दोन दिवस कोथिंबीर मागायला आल्या नाहीत.

जीप मातीतून काढायला ट्रॅक्टर लावला. पहिल्या ओढीत पुढचा बंपर तेवढा ट्रॅक्टरसोबत गेला, गाडी राहिली जागेवर. दुसऱ्या ओढीत गाडी आली पण मागचं फाळकं बाभळीने ठेवून घेतलं. कोंबडी खाली उतरेना. तशीच बसून ती सेनगावच्या फाट्यापर्यंत गेली आणि सगळा रस्ता लोक आम्हाला हसले. तिला नाही हसले, मला. मी ट्रॅक्टरवर पदर सावरून बसले होते, समोर बघत. नाईकाच्या सुनेने कसं बसावं ते मला शिकवायला नको.

फाट्यावर जळबाचं गॅरेज आहे. जळबा मालकांच्या हाताखाली पाना धरायला शिकलेला, म्हणून मला मावशी म्हणतो. तो गाडीखाली घुसला आणि बराच वेळ नुसते पायच दिसत राहिले.

"मावशी," खालून आवाज आला, "हे इंजिन जीपचं न्हाई."

"मंग कोणाचं?"

"ट्रॅक्टरचं असंल. गिअरबॉक्स टेम्पोचा. स्टिअरिंग कोण्या ट्रकचं. ही डिझेलची टाकी तर फवारणीच्या पंपाची दिसून राहिली. काकांनी जे मोडलं ते जे सापडलं त्यानं बदललं."

"मंग जीपचं काय उरलं?"

तो बाहेर आला, हात पुसले आणि बॉनेटवर बोटाने टकटक केली. ठणठणीत आवाज आला. "हे उरलं."

"तेवढंच लागतं मला," मी म्हटलं. "बाकीचं तू बसव."

तो कामाला लागला. अडचण आली ती कागदाची. जळबा म्हणाला, गाडी रस्त्यावर आणायची तर कागद ताजे पाहिजेत, न्हाईतर नवरीसकट अडवतील. रणजीत म्हणाला, "याडी, मला शाळेतून सुट्टी न्हाई." मी म्हटलं, मला कोणाची सुट्टी लागत नाही. मालकांच्या पेटीतून गाडीचं जुनं पुस्तक काढलं आणि गाड्यांच्या कचेरीत गेले.

खिडकीतला बाबू तरुण होता, अदबीचा. पुस्तक उघडून त्याने वाचलं. "गराशा शंकरसिंग राठोड. हे कुठे आहेत?"

इथे परत थांबून सांगावं लागतं. गराशा आमच्या तांड्याचा बैल. देवाला सोडलेला. त्याच्या पाठीवर कधी कोणी ओझं ठेवलं नाही. तो पुढे चालायचा आणि तांडा मागे. आमच्या तांड्याची रीत अशी, की सगळ्यांसाठी घेतलेली वस्तू गराशाच्या नावाने घ्यायची, म्हणजे ती कोण्या एका घरची होत नाही. मोठी कढई त्याच्या नावाची, सतरंज्या त्याच्या नावाच्या. लिलावाच्या साहेबाने सासऱ्यांना विचारलं, नाव काय लिहू? सासऱ्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं, गराशा. बापाचं नाव? सासऱ्यांनी त्याला लेकासारखा वाढवलेला, त्यांनी स्वतःचं सांगितलं. म्हणजे कागदोपत्री तो माझा थोरला दीर.

"ते गेले," मी बाबूला म्हटलं.

"कधी?"

"चौऱ्याहत्तर साली. पोळ्याच्या आधी."

"वय?"

"बावीस."

"अरेरे," बाबू म्हणाला. "तरुणच की. काय झालं होतं?"

"पोट फुगलं."

त्याने लिहून घेतलं. "मागे बायको-मुलं?"

"लगीन न्हाई झालं. लेकरं म्हणाल तर चार गावांत असतील."

बाबूचा पेन थांबला. मी त्याला तकलीफ द्यायला बोलत नव्हते, त्याने विचारलं तेवढंच सांगत होते. मग त्याने काय ते विचारलं आणि मी काय ते सांगितलं. त्याने पेन खाली ठेवला, पाणी प्याला, आणि वरच्या साहेबाला भेटून आला. दोघांनी नियम चाळले. नियमात बैल नव्हता. माणूस मेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती, एवढंच होतं. साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही कोणताही दाखला आणा, पण दाखला आणा."

तांड्याच्या ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक बालाजी. त्याने वही पाहिली. "नानीबाई, जनावराची नोंद मृत्यूच्या रजिस्टरात होत न्हाई."

"मंग माझा दीर म्हणून लिही."

तो लिहायला निघाला आणि थबकला. "थांबा. थोरला दीर म्हणजे जमिनीत त्याचा हिस्सा. सातबाऱ्यावर त्याचं नाव काहून न्हाई? उद्या कोणी विचारलं, की थोरल्याचं नाव काहून उडवलं, तर नोकरी माझी जाईल."

ही बातमी संध्याकाळपर्यंत तांड्यात फिरली, फिरताना वाढली. दुसऱ्या दिवशी माझी चुलत जाऊ रूपाबाई हिंगोलीला भेटायला आली. माझ्या पायाच्या दुखण्याची विचारपूस केली आणि उठताना म्हणाली, "बाई, मोठ्या भावजींचा वाटा निघून राहिला म्हणे. आमचंबी नाव घाला." वीस वर्षं जिने घरच्या कार्याला बोलावलं नाही, ती बैलाच्या वाट्यासाठी पाया पडून गेली.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने साध्या कागदावर लिहून दिलं, की सदर बैल आज जिवंत असण्याची शक्यता नाही. कचेरीने ते मानलं. राहिली वारसांची संमती. गराशा सगळ्या तांड्याचा, म्हणून सगळ्या घरांची सही लागणार. चौसष्ट घरं.

इथे रणजीत एकदम मदतीला आला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. "याडी, तू कशाला फिरतेस, मी कागद टाइप करून आणतो." आणला. इंग्रजीतला, चार पानांचा. "कचेरीत इंग्रजीच लागतं," म्हणाला. "वाच, मंग सही कर."

मी दुसरीपर्यंत शिकले. मराठी वाचते, हिशेब तोंडी करते, आणि आजवर कोणाला म्हटलं नाही, की मला हे वाचता येत नाही. समोर सून उभी. दत्तोपंत गेटवर. मी चष्मा लावला, चारही पानं उलटली, प्रत्येक पानावर जरा वेळ थांबले. एका ठिकाणी बोट ठेवून "हं" म्हटलं. मग सही केली, पूर्ण नावाने, नानीबाई भावसिंग राठोड. मालकांचं नाव कागदावर घेता येतं.

आणि तोच कागद घेऊन मी चौसष्ट दारांत गेले. दोन्ही गुडघे सुजलेले. ज्या दारांत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, तिथेही गेले. लोक विचारायचे, "याडी, यात काय लिहिलंय?" मी सांगायचे, "निलमला बॉनेटवरून पाठवायचं लिहिलंय." कोणी अंगठा दिला, कोणी सही दिली. रूपाबाईने वाट्याचं लिहिलंय का ते आधी विचारलं, मग दिला.

तिकडे निलम रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून ढावलो शिकत होती. मोबाइलमध्ये भरून घ्यायची आणि कानात घालून म्हणायची. आवाज बरा, पण तक्रारीच्या जागी ती हसायची.

"दादी, तक्रार कोणती करू? बापूंनी तर सगळं दिलं."

"शोध," मी म्हटलं. "सापडंल."

लग्नाच्या आठ दिवस आधी जळबाचा फोन आला, "मावशी, या." गेले तर जीप उभी. हिरवा रंग दिलेला, सात फटी चकचकीत. जळबाने मला शेजारी बसवलं आणि नांगरलेल्या शेतातून फेरी मारली. काच पुढे पाडलेली, तोंडावर वारा, ढेकळांवरून गाडी अशी चालली जशी एखादी म्हातारी शिव्या देत पण न थांबता डोंगर चढते. ओढ्यात उतरली, पाणी उडवलं, दुसऱ्या काठाने वर निघाली. मालक याच सीटवरून हट्ट्याच्या बाजारापर्यंत माणसं न्यायचे, आत जेवढी तेवढीच बाहेर लोंबकळलेली. दोन बायका याच बाकड्यावर बाळंत झाल्या. एकीच्या लेकराचं नाव जीपसिंग ठेवलं, तो आता तलाठी आहे आणि नाव बदलून घेतलंय. मी काही रडले नाही. धूळ होती.

दुसऱ्या दिवशी रणजीत म्हणाला, "याडी, गाडी पासिंगला नेतो." मी दही-साखर दिली त्याच्या हातावर.

गाडी आली नाही. विचारलं की म्हणायचा, नंबर लागायचाय. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाला, उद्या थेट मांडवात येईल.

लग्न तांड्यावरच केलं, तेवढं माझं ऐकलं. विधी झाले, जेवणं झाली. निघायची वेळ झाली. बाया गोळा झाल्या, हलगी थांबली. बाभळीकडून गाडी आली ती काळी, नवी, उंच. पुढे सात फटींची नक्कल, रिबन बांधलेली, काचेवर फुलांनी निलम आणि अंकुश लिहिलेलं. चावी रणजीतने अंकुशच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आपली जीप कुठंय?" मी विचारलं.

रणजीत माझ्याकडे न बघता म्हणाला, "जुनी गाडी सरकारमान्य भंगारात दिली, की नव्या गाडीच्या करात सूट मिळते, याडी. सगळ्या वारसांची संमती होती. तूच आणलीस."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. काही आमच्या बोलीत होतं, काही हिंदीत, आणि एक उर्दू शब्द मी सासऱ्यांकडून शिकले होते तो पन्नास वर्षांनी वापरला. फसवलं म्हटलं. विकलं म्हटलं. दत्तोपंत लग्नाला आले होते, ते मधे पडून म्हणाले, "नानीबाई, कालाय तस्मै..." आणि माझं तोंड पाहून वाक्य तिथेच सोडून मठ्ठ्याच्या पातेल्याकडे गेले.

तेवढ्यात निलम काळ्या गाडीच्या बंपरवर पाय देऊन वर चढायला लागली.

"अहो, नाही," अंकुश पुढे आला. हसत होता, पण हात पुढे केलेला. "बॉनेटवर नका उभ्या राहू. पत्रा पातळ असतो आजकाल. डेंट पडेल."

तांड्यातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता ही उतरेल, आत बसेल, काच वर करेल, आणि माझी नात जमिनीवरून जाईल. निलमने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग पायातली उंच टाचेची चप्पल काढायला वाकली. तिच्या मनात काय आलं माहीत नाही, ती काढलीच नाही. तशीच चढली. पत्रा टप्प करून आत गेला, आधी एका टाचेखाली, मग दुसऱ्या. तिने दोन्ही हात वर केले.

आवाज पहिल्या ओळीला फाटला, मग लागला. तिने आमच्या बोलीत म्हटलं, मी मराठीत सांगते. आधी आशीर्वाद दिला, तांड्याला, बाभळीला, त्या कोंबडीलाही. मग तक्रारीवर आली आणि या वेळी हसली नाही.

बापू, म्हणाली, तुम्ही मला सगळं दिलं. मला गाडी नको होती, तेवढं विचारलं नाही. जी गाडी कोण्या एका घरची नव्हती ती तुम्ही एका घरासाठी मोडली.

रणजीतने मान खाली घातली. मला बरं वाटलं. मी कंबरेवर हात ठेवून उभी होते.

दादी, म्हणाली.

माझे हात कंबरेवरच राहिले.

दादी, काल बापूंच्या फायलीत तो कागद सापडला. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, लिहिलं होतं, गाडी भंगारात देण्यास संमती. लपवलेलं काही नव्हतं. तू रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसत होतीस, दादी. मी तुझ्या समोर होते. मला म्हटलं असतंस, वाचून दाखव, तर मी वाचून दाखवलं असतं. तू न वाचता सही केलीस आणि चौसष्ट घरांना करायला लावलीस.

सगळा तांडा माझ्याकडे बघत होता. ती चौसष्ट घरं. रूपाबाई पुढच्या रांगेत होती. माझ्याकडे बोलायला खूप होतं, कधी नव्हतं? पण पोरगी वर उभी होती. ती वर आहे तोवर उलटून बोलायचं नाही, हा नियम मीच तिला शिकवला होता. मी गप्प उभी राहिले. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा इतका वेळ.

मग ती खाली उतरली, माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी ढावलो नसलेलं, साधं रडलो. अंकुश बॉनेटवरच्या दोन खळ्यांवरून रुमाल फिरवत होता, जसं काही पुसून निघणार होतं.

गाडी गेली. डांबरी रस्त्याने गेली.

परवा निलमचा फोन आला. अंकुशने डेंट काढायला गाडी गॅरेजमध्ये न्यायची म्हटलं, ती म्हणाली, काढायचा नाही. पंधरा दिवस झाले, दोघांत तेवढ्यावरून अबोला आहे. मी म्हटलं, संसार म्हटला की व्हायचंच. आणि डेंट काढू देऊ नको.

त्याच दिवशी टपालाने इंग्रजीतलं पाकीट आलं होतं, गराशा शंकरसिंग राठोड यांच्या नावाने. रणजीतने ते माझ्यापासून लपवलं होतं, कोनाड्यात गणपतीमागे. मी त्याचा फोटो काढून निलमला पाठवला आणि म्हटलं, वाच. सगळं वाच, खालच्या बारीक अक्षरासकट. ती वाचायला लागली. श्री. गराशा यांनी जुनं वाहन भंगारात देऊन पर्यावरणाची सेवा केल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलेलं होतं. नव्या गाडीच्या करातली सूट त्यांच्याच नावाने मंजूर होती. ती दुसऱ्याच्या नावावर करायची तर श्री. गराशा यांनी आधार कार्ड घेऊन समक्ष हजर राहावं, असं बारीक अक्षरात होतं. मुदत त्या दिवशी संपलेली.

म्हणजे जीपही गेली आणि सूटही. कागद मी रणजीतच्या ताटाशेजारी ठेवला आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी बसने तांड्यावर गेले. बाभळीखाली जीपच्या चाकांचे चार खड्डे अजून आहेत, एकात कोंबडी बसली होती. पलीकडे गराशाला पुरलं तिथे त्याचा ओटा आहे. तो कागद त्याच्यावर दगडाखाली ठेवला. त्याच्या नावाचा होता. पण ठेवण्याआधी निलमला परत फोन लावला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा एकदा वाचून घेतला.